बुखारेस्टमधली टीव्ही बघायची नोकरी

रोमानियातल्या बँका, औषध कंपन्या, वीज कंपन्या, परदेशी दूतावास आणि निवडणूक जवळ आली की राजकीय पक्षसुद्धा एका अहवालासाठी नियमित पैसे मोजतात. काल आपलं नाव कुठल्या वाहिनीवर, किती वाजता, कोणी आणि कोणत्या सुरात घेतलं, हे त्यांना सकाळी ऑफिसात पाऊल टाकायच्या आत हवं असतं. असे अहवाल तयार करणाऱ्या बुखारेस्टमधल्या एका संस्थेत मी २०२४च्या सुरुवातीला लागले. मूळची सांगलीची, शिक्षण पुण्यात, पत्रकारितेचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०२१मध्ये इकडे आले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी इथल्या विद्यापीठांत भाषेचं एक पूर्वतयारी वर्ष असतं, तिथे रोमानियन शिकले. सासूबाई शेजारीपाजारी सांगतात, 'सूनबाईला टीव्ही बघायचा पगार मिळतो.' ते खोटं नाही.

भाषा कानात बसली ती मात्र वर्गात नाही, २०२२च्या फेब्रुवारीत. युक्रेनवर हल्ला झाला आणि रोमानिया-युक्रेन सीमेवरच्या सिरेतच्या चौकीवरून इथल्या वाहिन्यांचं दिवसरात्र थेट प्रक्षेपण सुरू झालं. युक्रेनमधल्या चेर्नीव्त्सीत वैद्यकीय शिकणारी आपली मुलंमुली थंडीत बॅगा ओढत त्याच चौकीवर येत होती. सांगलीहून आई, मावशी, कोणाकोणाचे पालक फोन करून विचारायचे, 'तिकडच्या टीव्हीवर काय दाखवतात?' मग मी शब्द पकडत, डिक्शनरी चाळत त्यांना सांगायची: गाड्यांची रांग एवढी आहे, गावकरी चहा वाटतायत, मुलांना शाळेच्या जिममध्ये झोपवलंय. २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून निघालेलं पहिलं विमान २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं, ते मी इथे दिजी २४ या वृत्तवाहिनीवर आणि घरच्यांनी तिथे मराठी वाहिनीवर एकाच वेळी पाहिलं. बातमी ऐकता ऐकता दुसऱ्याला सांगत जायचं, हे पुढच्या नोकरीचं शिक्षणच होतं म्हणायचं.

नोकरीवर मात्र सुरुवात आवाज बंद करून झाली. समोर पडदे लावलेले: आंतेना ३ सीएनएन, दिजी २४, रोमानिया टीव्ही, बे उनु, शिवाय सरकारी टीव्हीआर. प्रत्येक पडद्यावर खाली जाडजूड पट्टी, तिच्याखाली सरकती पट्टी, कोपऱ्यात लाल चौकट, बाजूला पाहुण्यांच्या खिडक्या. आमच्या शिफ्टप्रमुख बाई पन्नाशी उलटलेल्या. त्यांनी रिमोट काढून घेतला आणि म्हणाल्या, "अँकर काय म्हणतो ते नंतर. आधी पट्टी वाचा. लोक स्वयंपाक करताना, जिममध्ये, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत टीव्ही बघतात. त्यांच्यापर्यंत पट्टीच पोचते."

मग त्यांनी एक नमुना दिला. औषधांच्या दुकानांची एक साखळी आमची ग्राहक होती. एका वाहिनीवर तिच्याबद्दल चारेक मिनिटांची बातमी होती. निवेदिका सगळं सरळ बोलली: अमुक औषधाचा पुरवठा कमी आहे, साखळीचं म्हणणं असं आहे, मंत्रालयाचं म्हणणं तसं आहे. मी तक्त्यात सूर 'तटस्थ' असा भरला. बाईंनी तीच क्लिप पुन्हा लावली, आवाज बंद. पट्टीवर अख्खा वेळ 'रुग्णांच्या जिवाशी खेळ?' आणि चित्रात दुकानाच्या बोर्डानंतर लगेच रुग्णवाहिका, मग पुन्हा बोर्ड, पुन्हा रुग्णवाहिका. रुग्णवाहिका भलत्याच गावची, जुन्या फुटेजमधली. "उद्या हरकत घेतली तर वाहिनी म्हणेल, आम्ही तर फक्त प्रश्न विचारला," बाई म्हणाल्या, "म्हणून प्रश्नचिन्हसुद्धा नोंदवायचं." तेव्हापासून आमच्या तक्त्यात बोललेल्याचा सूर, पट्टीचा सूर आणि चित्राचा सूर असे तीन वेगळे रकाने मी भरते. तिन्ही एकाच दिशेला असले तर बातमी साधी. तीन दिशांना असले की समजायचं, संपादकाच्या खोलीत काहीतरी शिजलंय.

दुसरा धडा भिंतीवर होता. बाईंनी स्वतः हाताने काढलेला एक नकाशा, त्यावर वाहिन्या आणि त्यांचे मालक, बाणांसकट. परदेशी दूतावासांना आमच्या अहवालाबरोबर त्याची टंकलिखित आवृत्तीही जाते, कारण ती नसेल तर अहवाल वाचून काहीच कळत नाही.

रोमानियातली पहिली बातम्यांची वाहिनी रेआलिताते टीव्ही, २००१ची. तिचे मालक बदलत गेले, सोरिन ओविदिउ व्हिन्तु यांच्या काळात ती जोरात होती. मग २०११मध्ये तिच्यातच फूट पडली आणि सेबास्तियान गित्सा यांच्या गोटातून रोमानिया टीव्ही उभी राहिली. मूळ रेआलितातेचा परवाना २०१९च्या ऑक्टोबरअखेर संपला, नियामकाने तो वाढवून दिला नाही. तोच बाज पुढे रेआलिताते प्लसवर चालू राहिला. गित्सा खासदार होते. त्यांच्यावर खटले चालू असताना २०१६च्या डिसेंबरात ते देशातून गायब झाले आणि नंतर सर्बियात सापडले.

आंतेना ३ची गोष्ट निराळी. ती २००५ची, व्होइकुलेस्कु कुटुंबाच्या इंटॅक्ट समूहातली. समूहाचे संस्थापक दान व्होइकुलेस्कु यांना २०१४च्या ऑगस्टमध्ये मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. एका सरकारी अन्नसंशोधन संस्थेच्या खासगीकरणाचं प्रकरण होतं, आणि न्यायालयाने वाहिनी तेव्हा जिथून चालायची त्या इमारतीसुद्धा जप्त केल्या. २०१६च्या फेब्रुवारीत करखात्याने जागा रिकामी करायची नोटीस दिली, तेव्हा वाहिनीने स्वतःच्याच नोटिशीचं थेट प्रक्षेपण केलं. निदर्शक फाटकावर, निवेदक आत, कॅमेरे दोन्हीकडे. ते जुनं रेकॉर्डिंग बाई नव्या माणसाला मुद्दाम दाखवतात. बातमी देणारा आणि बातमीतला माणूस एकच असला की पट्टी कशी होते, हे त्यात छान दिसतं. २०२२च्या सप्टेंबरात त्याच वाहिनीच्या नावाला सीएनएनची जोड मिळाली.

दिजी २४ ही २०१२ची. तिचे मालक म्हणजे केबल आणि इंटरनेट पुरवणारी दिजी कंपनी, मूळची ओराद्या शहरातली. देशात घराघरांत जी केबल जाते त्यातली मोठी वाटणी याच कंपनीची, म्हणजे प्रतिस्पर्धी वाहिन्यासुद्धा हिच्याच तारेतून लोकांकडे पोचतात. युरोन्यूज रोमानिया २०२२ची, बुखारेस्टच्या पोलिटेक्निक विद्यापीठाच्या साथीने चालणारी. बातम्यांच्या वाहिन्या सोडल्या तर संध्याकाळी सातचं प्रो टीव्हीचं बातमीपत्र आहेच. १ डिसेंबर १९९५ला वाहिनी सुरू झाली त्या दिवसापासून आंद्रेया एस्का तिथे बातम्या देतात. सरकारं आली, गेली, वाहिनी २०२०मध्ये चेक समूहाकडे गेली, एस्का तिथेच. माझ्या घरमालकीणबाई त्यांचा उल्लेख घरच्या माणसासारखा करतात: "आंद्रेया आज दमलेली दिसत होती."

आणि टीव्हीआर. तिची परवाना फी २०१७मध्ये रद्द झाली, तेव्हापासून पैसा थेट सरकारी तिजोरीतून येतो. तिचा वार्षिक अहवाल संसदेने नामंजूर केला की संचालक मंडळ घरी जातं. त्यामुळे बहुमत बदललं की अहवाल नामंजूर होणं हे ऋतुमानासारखं झालंय. इथे कोणी टीव्हीआरला पक्षपाती म्हणालं तर मी वाद घालत नाही. पण खरं सांगायचं तर मला तिथलं बातमीपत्र मोजायला सर्वांत सोपं जातं. ते कोणाला दुखवत नाही, म्हणून लांबत जातं आणि प्रत्येक मंत्र्याला आपापली सेकंदं मिळतात.

पैशाचा तिसरा झरा नकाशावर तुटक रेषेने दाखवलाय. पक्षांना सरकारकडून अनुदान मिळतं आणि पक्षांच्या खर्चाच्या हिशेबात 'प्रेस आणि प्रचार' अशी एक बाब असते. मोठ्या पक्षांनी त्या बाबीत गेल्या काही वर्षांत अफाट पैसा ओतला. त्यातला किती कुठल्या वाहिनीला आणि कशाच्या बदल्यात गेला, ते करार गुप्त. निवडणूक नसलेल्या काळात असा मजकूर जाहिरात म्हणून ओळखता येत नाही. आम्हालासुद्धा तो अंदाजाने ओळखावा लागतो: मुलाखतीत एकही प्रतिप्रश्न नाही, पाहुणा बोलत असताना पट्टी त्याचंच वाक्य अवतरणात दाखवते, आणि तेच वाक्य त्याच दिवशी दुसऱ्या दोन वाहिन्यांच्या पट्टीवर शब्दशः येतं. शेवटची खूण हमखास. मी अशा जोड्या वेगळ्या रंगात ठेवते. ग्राहकाला तो रंग दिसत नाही. आमच्या वकिलाने तसं सांगितलंय.

बाईंचं बालपण ज्युर्ज्यूतलं, डॅन्यूबच्या काठावरचं. नदीपलीकडे बल्गेरिया. ऐंशीच्या दशकात तेव्हाचा हुकूमशहा चाउशेस्कु याने वीज वाचवायच्या नावाखाली टीव्ही आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळी आठ ते दहा असा दोनच तासांवर आणला होता, दुसरी वाहिनी १९८५मध्ये बंदच केली. त्या दोन तासांतही मुख्यतः तोच. मग ज्युर्ज्यूतली माणसं छपरावरचे अँटेना बल्गेरियाकडे वळवायची. फुटबॉल, सिनेमे, मुलांची कार्टूनं सगळं बल्गेरियन. बाई आजही बल्गेरियन समजतात, कुठे शिकायला न जाता. पश्चिमेकडचे लोक तसंच युगोस्लाव्ह आणि हंगेरियन टीव्ही बघायचे.

म्हणून त्याची राजवट पडली तो १९८९चा डिसेंबर त्यांच्याकडून ऐकण्यासारखा आहे. २१ तारखेला चाउशेस्कूचं भाषण थेट दाखवत होते, गर्दीतून गलका झाला, त्याचा चेहरा गोंधळला आणि प्रक्षेपण तुटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक टीव्हीच्या इमारतीत घुसले. स्टुडिओ चारमध्ये कवी मिर्चा दिनेस्कु आणि नट इयोन कारामित्रु माणसांच्या गराड्यात उभे, आणि दिनेस्कु ओरडून सांगतात की आपण जिंकलो. त्या चित्रफितीत एक वाक्य ऐकू येतं, "मिर्चा, काम करतोयस असं दाखव." बाईंच्या मते रोमानियन टीव्हीवरचं सर्वांत खरं वाक्य तेच. पुढचे दिवस देशाने टीव्हीसमोर काढले. गोळीबार, अफवा, विषारी पाण्याच्या बातम्या, नाताळाला चाउशेस्कु दाम्पत्याचा खटला आणि मृत्युदंड, सगळं त्याच खोक्यातून. राजवट पडद्यावर कोसळलेली बघितल्यामुळे इथल्या माणसाला टीव्हीचं वेड आणि टीव्हीवरचा अविश्वास दोन्ही एकदमच लागले, असं माझं मत झालंय. काउंटरवरची बाई, टॅक्सीवाला, घरमालकीण, सगळे म्हणतात वाहिन्या विकल्या गेल्यात. आणि सगळ्यांकडे टीव्ही चालू असतो.

या वेडाचं टोक म्हणजे ओटीव्ही ही वाहिनी. दान दियाकोनेस्कु यांची. ब्राशोवची एक वकील महिला २००७मध्ये बेपत्ता झाली, त्या प्रकरणावर तिथे शेकडो भाग झाले. रात्ररात्र पाहुणे, ज्योतिषी, साक्षीदार, साक्षीदारांचे शेजारी. प्रेक्षक एवढे मिळाले की दियाकोनेस्कूंनी पक्षच काढला आणि २०१२च्या डिसेंबरात त्याला १४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. दुसऱ्याच महिन्यात नियामकाने वाहिनीचा परवाना काढून घेतला. मी हे सगळं केवळ रेकॉर्डिंगमधून पाहिलंय, पण संध्याकाळच्या चर्चांची घडण आजही त्याच साच्यातली वाटते. पाहुणे ठरलेले: राजकीय विश्लेषक, निवृत्त जनरल, माजी मंत्री, एक वकील. एकच जनरल एका संध्याकाळी दोन वाहिन्यांवर दिसतो. मी त्याच्या टायवरून वेळ पडताळते.

नियामक म्हणजे सीएनए, राष्ट्रीय दृक्-श्राव्य परिषद. ११ सदस्य, संसद, राष्ट्राध्यक्ष आणि सरकार यांनी सुचवलेले. तिच्या बैठका खुल्या असतात, आणि त्या आमच्या कामात येतात, कारण शिक्षा झाली की तिचा मजकूर वाहिनीला स्वतःच वाचून दाखवावा लागतो: पुढच्या २४ तासांत निदान तीनदा, संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान, त्यातला एकदा मुख्य बातमीपत्रात. हा माझ्या शिफ्टचा लाडका प्रकार. ज्या निवेदकाने आदल्या आठवड्यात तासभर कोणावर तोंडसुख घेतलेलं असतं, तोच 'परिषदेने या वाहिनीला अमुक लेउ दंड केला आहे, कारण...' हे एका दमात, पापणी न हलवता वाचतो. कधी निवेदकही नसतो, नुसती निळी पाटी आणि एक सपाट आवाज. आम्ही ते सेकंदासह नोंदवतो. दंड झाल्याची बातमी मात्र प्रतिस्पर्धी वाहिनीवर सावकाश, चवीने वाचली जाते.

उन्हाळ्यात काम हलकं असतं असं मला सांगितलं होतं. उन्हाळ्यात अस्वलं असतात. रोमानियात रशिया सोडला तर युरोपातली सर्वांत जास्त तपकिरी अस्वलं आहेत, ती गावात शिरली की लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा किंचाळतो, आणि तो वाजला की सगळ्या वाहिन्यांची पट्टी लाल. २०२४च्या जुलैत बुचेज डोंगरात एका तरुणीचा अस्वलाच्या हल्ल्यात जीव गेला, आणि संसदेने सुट्टीतून येऊन त्या वर्षासाठी ४८१ अस्वलं मारायला मंजुरी दिली. त्या आठवड्यात मंत्र्यांपेक्षा अस्वलांच्या नोंदी जास्त होत्या. अस्वलं नसतील तर हवामान खात्याचे पिवळा, केशरी, लाल इशारे. उष्णतेच्या केशरी इशाऱ्याच्या दिवशी वार्ताहर हमखास कारच्या बॉनेटवर अंडं तळतो.

आमच्याकडे एक दुसरी खोली आहे, चिशिनाउची, म्हणजे शेजारच्या मोल्दोवाच्या राजधानीची. मोल्दोवातल्या वाहिन्याही रोमानियनमध्येच बोलतात, काही रशियनमध्ये, आणि तिथलं गणित आणखी अवघड. युद्ध सुरू झाल्यावर तिथे आणीबाणीच्या अधिकारात २०२२च्या डिसेंबरात सहा वाहिन्यांचे परवाने स्थगित झाले, २०२३च्या ऑक्टोबरात आणखी सहांचे. कारण रशियाच्या बाजूचा खोटा प्रचार आणि फरारी उद्योगपतींचे पैसे. त्या खोलीतला सहकारी म्हणतो, "तुमच्याकडे मालक ओळखायचा असतो, आमच्याकडे देश." बंद झालेल्या वाहिन्यांची माणसं टेलिग्रामवर गेली आणि त्याच्या तक्त्यातून निसटली. मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

पण त्याच खोलीतून एक गोष्ट वेळेवर मिळाली. २० ऑक्टोबर २०२४ला मोल्दोवात युरोपीय संघाच्या प्रश्नावर सार्वमत होतं. रात्री मोजणी सुरू झाली तेव्हा 'नाही' पुढे होतं, तसेच मथळे लागले. मग परदेशातली मतं येत गेली आणि अखेर 'हो' ५०.३५ टक्क्यांवर जिंकलं. रात्रीच्या पट्ट्या सकाळी कोणी काढून बघितल्या असत्या तर लाज वाटली असती. बाईंनी आमच्या भिंतीवर चिठ्ठी लावली: रोमानियातल्या मतदानाच्या रात्री निकालाचा रकाना उजाडेपर्यंत भरायचा नाही.

२४ नोव्हेंबर. राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी. माझी शिफ्ट दुपारी लागली. सगळ्या वाहिन्यांवर उलटी मोजणी, रात्री नऊला मतदान संपणार. गेले काही आठवडे मी उमेदवारांची नावं मोजत होते: पंतप्रधान मार्चेल चोलाकु, पूर्वी प्रो टीव्हीवर वार्ताहर असलेल्या एलेना लास्कोनी, उजव्या राष्ट्रवादी पक्षाचे जॉर्जे सिमिओन, आणखी दोघेतिघे. नऊला एक्झिट पोल आले. चोलाकु २५, लास्कोनी १८, आणि तिसऱ्या जागी कालिन जॉर्जेस्कु १६. स्टुडिओत क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग एकाच वेळी सगळे बोलले. एका निवेदकाने नियंत्रण कक्षाला हवेतच विचारलं, फोटो आहे का.

माझ्याही हाताखाली तोच प्रश्न होता. तक्त्यात मी जॉर्जेस्कु नावाने शोध लावला. गेल्या आठवड्याच्या नोंदी एका पानात मावल्या, त्यातल्याही बऱ्याच मतपत्रिकेवरच्या नावांच्या यादीतल्या. मोठ्या चर्चांत नाही, मुलाखती नाहीत, त्याने प्रचारावर खर्च दाखवला तो शून्य. मतचाचण्यांत तो तळाशी होता. वाहिन्यांनी त्याला वगळलं असा आरोप नंतर झाला. मला तो पटत नाही. वगळायला आधी दिसावा लागतो.

रात्रभर मोजणी पुढे सरकली तसा तो वर चढत गेला. वाहिन्यांकडे त्याचं फुटेजच नव्हतं. मग त्याचेच टिकटॉकवरचे व्हिडिओ उचलून लावले: पांढऱ्या घोड्यावर, ज्युदोच्या पोशाखात, धावताना. मोबाइलचा उभा व्हिडिओ आडव्या पडद्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून. आणि खाली पट्टी: 'कोण आहे हा माणूस?' पाचही पडद्यांवर. पट्ट्यांचा सूर शब्दशः सारखा असला की मी रंग लावते. त्या रात्री लावला नाही. त्यांना कोणी पैसे दिले नव्हते, त्यांनाही खरंच माहीत नव्हतं.

उजाडलं तेव्हा जॉर्जेस्कु २३ टक्क्यांच्या आसपास, पहिला. लास्कोनी दुसऱ्या. चोलाकु तीन हजारांहून कमी मतांनी तिसरे, म्हणजे दोघांच्या दुसऱ्या फेरीतून बाहेर. नऊ वाजता ज्या पक्षाच्या मुख्यालयातून जल्लोषाचं थेट चित्र चालू होतं, तिथे आता एक वार्ताहर रिकाम्या व्यासपीठापुढे उभा. बाईंनी निकालाचा रकाना स्वतः भरला आणि कॉफीला गेल्या. आठच्या आत अहवाल पाठवायचा होता. एका परदेशी दूतावासाने आम्हाला एका ओळीचं पत्र पाठवलं: हा माणूस तुमच्या अहवालांत का नव्हता? उत्तर सोपं होतं, करारात टीव्ही लिहिलंय. पण ते उत्तर लिहायला कोणीच धजावेना.

पुढचं लोकांना ठाऊक आहे. ४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी गुप्तचर यंत्रणांचे कागद खुले केले, टिकटॉकवरच्या संघटित प्रचाराचा त्यात उल्लेख होता. ६ तारखेला घटना न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, परदेशात दुसऱ्या फेरीचं मतदान सुरू झालेलं असताना. त्या दिवसाच्या नोंदी मी आजही नीट लावलेल्या नाहीत. एका पडद्यावर 'लोकशाही वाचली', शेजारच्यावर 'सत्तापालट', आणि दोन्हीकडे कायदेपंडित म्हणून बसलेले गृहस्थ महिन्यापूर्वी एकाच चर्चेत मांडीला मांडी लावून होते.

नवी निवडणूक २०२५च्या मे महिन्यात झाली, जॉर्जेस्कूला उभं राहू दिलं नाही. या वेळी वाहिन्यांनी अति केलं. पहिल्या फेरीनंतर बुखारेस्टचे तेव्हाचे महापौर निकुशोर दान आणि सिमिओन यांची चर्चा ८ मेला युरोन्यूजवर झाली, जवळजवळ चार तास. मी ती एका बैठकीत मोजली, दोन्ही डोळे चुरचुरत. त्यानंतरच्या काही चर्चांना सिमिओन आलेच नाहीत. दान एकटे बसून पत्रकारांना उत्तरं देत राहिले. रिकाम्या खुर्चीला बोलण्याचा वेळ किती धरायचा यावर आमच्याकडे खरंच बैठक झाली. शून्य धरायचं ठरलं, पण खुर्ची पडद्यावर किती सेकंद दिसली ते वेगळं लिहायचं. १८ मेला दान ५३.६ टक्क्यांनी जिंकले.

दूतावासाच्या त्या पत्रानंतर आमच्या तक्त्यात टिकटॉकचा रकाना आला. आला तो मोडकाच. तक्ता बनलाय वाहिनी, वेळ आणि मिनिटं यांवर. टिकटॉकवर वाहिनी नाही, प्रत्येकाचा पडदा वेगळा, आणि 'रात्री नऊला काय दाखवलं' या प्रश्नाला अर्थच नाही. आम्ही एक जुना मोबाइल घेतला, त्यावर नवं खातं उघडलं आणि जे दिसेल ते नोंदवायला लागलो. थोड्याच दिवसांत त्याला आमची सवय कळली, तो आम्हाला राजकारणच दाखवायला लागला. दुसरा मोबाइल घेतला, त्यावर बाईंनी मुद्दाम स्वयंपाकाचे व्हिडिओ बघितले. त्यावर आता स्वयंपाक आणि मधूनमधून देश वाचवणारे लोक येतात. दोन्ही मोबाइलचे आकडे जुळत नाहीत, जुळायचं कारणही नाही. दूतावास म्हणतो, एक आकडा द्या. बाई म्हणतात, देणार नाही. सध्या त्या रकान्यात आम्ही फक्त लिंक टाकतो, आणि तेवढ्याचे पैसे द्यायचे की नाहीत यावर पत्रव्यवहार चालू आहे.